मॉन्टरे बेमध्ये छोट्या बोटीतून व्हेल बघायला जायचंय? आई-बाबा, मुलं सगळ्यांना घेऊन जायची पूर्ण तयारी

कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या बे एरियात इंडियातून आई-बाबा आले की त्यांना फिरवायची एक ठरलेली यादी असते. गोल्डन गेट, लेक टाहो, योसेमिटी, लिव्हरमोरचं देऊळ, एक दिवस आउटलेट मॉल, आणि परतीच्या तिकिटाला जेमतेम दोन आठवडे उरले की कोणीतरी म्हणतं अरे व्हेल राहिले की. मग घाईघाईत येत्या शनिवारचं जे मिळेल ते बुकिंग, वारा किती लाटा किती काही न बघता, आणि चार तासांच्या ट्रिपमधले तीन तास आई डोळे मिटून बाकावर आडवी. असं प्लीज करू नका. बे एरियाच्या दक्षिणेला असलेल्या या मॉन्टरे बेमध्ये व्हेल दिसणं हा अवघड भाग नाहीच, सीझनमध्ये ते बहुतेक वेळा दिसतात. अवघड काय, तर व्हेल समोर येतो तेव्हा आपल्यातले सगळे त्याच्याकडे बघायच्या अवस्थेत असणं. खाली जे काय लिहिलंय ते जवळपास सगळं त्यासाठीच आहे, आणि छोटी बोट घेणार असाल तर ते जास्तच लागू, कारण छोटी बोट हलते पण जास्त.

मी मुख्यतः मॉस लँडिंगहून सुटणाऱ्या छोट्या बोटींबद्दल लिहितेय. मॉन्टरे गावातल्या फिशरमन्स वॉर्फवरूनही भरपूर बोटी जातात, पण तिकडे मोठ्या बोटी आणि टुरिस्टांची गर्दी जास्त. मॉस लँडिंग म्हणजे सांताक्रूझ आणि मॉन्टरेच्या साधारण मधे असलेलं छोटंसं मच्छीमारांचं बंदर, लांबून पॉवर प्लांटच्या दोन उंच चिमण्या दिसल्या की समजायचं आलं.

इथेच एवढे व्हेल का

समुद्राच्या तळाला एक प्रचंड दरी आहे, मॉन्टरे सबमरीन कॅनियन, आणि ती अक्षरशः या बंदराच्या तोंडाशी सुरू होते आणि पुढे खोल समुद्रात जाता जाता साडेतीन किलोमीटरहून खोल होते. बाकी ठिकाणी एवढं खोल पाणी गाठायला किती तरी वेळ बोट हाकावी लागते, इथे बंदरातून बाहेर पडलं की थोड्याच वेळात तुम्ही दरीवर असता. वसंतात वायव्येचे वारे वरचं पाणी किनाऱ्यापासून लांब ढकलतात, त्याच्या जागी खालचं गार, खतासारखं सकस पाणी वर येतं, त्यावर शेवाळ, शेवाळावर क्रिल म्हणजे कोळंबीसारखे बारीक जीव, मग अँचोव्ही मासे, आणि त्यांच्यामागे व्हेल. थोडक्यात व्हेल इथे जेवायला येतात. मॉन्टरे बे ॲक्वेरियमची संशोधन संस्था मॉस लँडिंगला आहे ती उगाच नाही. आणि हो, १९१९ साली याच गावात व्हेल मारून तेल काढायचा कारखाना सुरू झाला होता, तो काही वर्षांतच बंद पडला, आता १९९२ पासून हा सगळा समुद्र नॅशनल मरीन सँक्च्युअरी, म्हणजे सरकारने संरक्षित केलेला, आहे. बाबा लोकांना ही माहिती गाडीतच देऊन ठेवा, बोटीवर इंजिनाच्या आवाजात काही ऐकू येत नाही.

कुठल्या महिन्यात जायचं

व्हेल बाराही महिने असतात असं सगळ्या कंपन्या सांगतात आणि ते खरंही आहे, पण कुठला व्हेल आणि समुद्र कसा हे महिन्यागणिक बदलतं.

डिसेंबर ते मे ग्रे व्हेल. हे वर आर्क्टिककडच्या समुद्रातून मेक्सिकोत बाहा कॅलिफोर्नियाच्या उथळ खाड्यांमध्ये पिल्लं घालायला जातात आणि परत वर येतात, जाऊन-येऊन सोळा ते वीस हजार किलोमीटर. जानेवारीच्या आसपास खाली जाणाऱ्यांची गर्दी, मग फेब्रुवारी-मार्चपासून परतणारे, आणि आया-पिल्लं सगळ्यात शेवटी एप्रिल-मेमध्ये. ग्रे व्हेल बघायला छान, पण तो प्रवासाला निघालेला असतो, श्वास घेतला, पाठ दाखवली, तीन-पाच मिनिटं गायब, परत पुढे कुठेतरी वर. उड्याबिड्या क्वचित. एप्रिल-मेमध्ये या आया-पिल्लांना ही खोल दरी ओलांडावी लागते आणि तिथे ऑर्का, म्हणजे किलर व्हेल, टपून बसलेले असतात. ऑर्काची शिकार बघायला मिळणं हे फोटोवाल्यांचं स्वप्न असतं, पण ती तास न् तास चालते आणि आईसमोर पिल्लू मारतात, तेव्हा लहान मुलं किंवा हळवी माणसं बरोबर असतील तर एप्रिल-मेचं बुकिंग करताना हे डोक्यात असू द्या. मला स्वतःला ते बघवत नाही.

एप्रिलपासून नोव्हेंबरपर्यंत हंपबॅक व्हेल, आणि खरं सांगायचं तर पहिल्यांदा जाणाऱ्याने हंपबॅकच बघावा. चाळीस-पन्नास फुटी जनावर, तोंड उघडून माशांच्या थव्यातून वर येतं, शेपूट आपटतं, मूड असेल तर सगळंच्या सगळं पाण्याबाहेर उडी मारतं. जुलै ते ऑक्टोबर ब्लू व्हेल पण येतात, पण ते क्रिल असेल तरच, एखाद्या वर्षी खूप आणि एखाद्या वर्षी नावालाही नाही, त्यामुळे केवळ ब्लू व्हेलच्या आशेवर तारीख ठरवू नका.

आता समुद्राचं. एप्रिल ते जून वारा सगळ्यात जास्त, दुपारी तर नकोच. जुलै-ऑगस्टमध्ये सकाळी दाट धुकं. माझं मत विचाराल तर सप्टेंबर आणि ऑक्टोबरचा पहिला अर्धा, धुकं कमी, वारा कमी, ऊनही बऱ्यापैकी, हंपबॅक अजून जेवतायत. आई-बाबा एप्रिलमध्ये येऊन सप्टेंबरच्या शेवटी जाणार असतील तर ही ट्रिप मुद्दाम शेवटच्या महिन्यात ठेवा, पण त्या महिन्याच्या सुरुवातीला, म्हणजे हवामान बिघडलं तर पुढे ढकलायला जागा राहते. जुलैतच परत जाणार असतील तर जूनमधली सकाळची पहिली बोट, त्यात वारा कमीत कमी मिळतो.

बोट कुठली घ्यायची

मोटामोटी चार प्रकार. एक, शंभरच्या आसपास माणसं मावणारी मोठी बोट, बंद केबिन, खायला-प्यायला काउंटर, नीट बाथरूम. दोन, वीस-पंचवीस माणसांची मधली बोट, बरेचदा दोन होड्या जोडल्यासारखी कॅटामरान, जी रुंद असल्यामुळे कमी डुलते. तीन, सिक्स-पॅक, म्हणजे जास्तीत जास्त सहा प्रवासी. कोस्ट गार्डचा नियम असा आहे की सहापर्यंत प्रवासी असतील तर बोटीला त्यांच्या तपासणीचं सर्टिफिकेट लागत नाही, कॅप्टनला लायसन्स मात्र लागतंच, सातवा माणूस आला की बोटही तपासलेली हवी. त्यामुळे या छोट्या बोटी सहावर थांबतात, आणि तुमचं मूल कडेवरचं असलं तरी ते एक धरलं जातं, "बाळ आहे हो" करून सातवं बसवत नाहीत. चार, फुगवलेल्या रबरी कडांची वेगवान बोट, जिच्यात घोड्यावर बसल्यासारखं बसायचं. ही पंचविशीतल्या पोरांसाठी मस्त, पण पाठीचं दुखणं, मानेचं दुखणं, प्रेग्नन्सी, यातलं काहीही असेल तर अजिबात नाही, लाटेवरून आपटते तेव्हा मणका हलतो.

सिक्स-पॅकचं सुख काय तर तुम्ही पाण्याच्या अगदी जवळ असता. मोठ्या बोटीत व्हेल वरून, गॅलरीतून बघितल्यासारखा दिसतो, छोट्या बोटीत तो तुमच्या नजरेच्या पातळीला. व्हेल डावीकडून उजवीकडे गेला तर शंभर माणसं धावत नाहीत, तुम्ही फक्त मान वळवता. कॅप्टनशी सरळ बोलता येतं, मुलाला प्रश्न विचारता येतात, आणि सहाच्या सहा जागा तुमच्याच घरच्यांनी घेतल्या तर आईला बरं नाही वाटलं की चला परत असं कॅप्टनला म्हणता येतं (पैसे परत मिळणार नाहीत, पण बाकी लोकांच्या नजरा तरी झेलाव्या लागत नाहीत). तोटे पण तितकेच खरे. माणशी पैसे जास्त. हलते जास्त. सावली आणि आडोसा कमी. आणि बाथरूम एकतर नसतंच, किंवा खाली उतरून, वाकून, एका कपाटाएवढ्या जागेत असतं, हलत्या बोटीत सत्तरीच्या माणसाला ते जमणं कठीण.

म्हणून माझा सरळ हिशोब असा, गुडघे बरे, तासाभराचा चढ चालू शकणारे, गाडी लागत नाही असे आई-बाबा असतील तर सिक्स-पॅक बिनधास्त. डायबेटिस किंवा प्रोस्टेटमुळे वारंवार जावं लागत असेल, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं असेल, तर मधल्या आकाराची कॅटामरान. त्यात पण गर्दी नसतेच, उगाच सहाचा हट्ट धरू नका.

दिवस ठरवायचा तो समुद्र बघून

हे सगळ्यात महत्त्वाचं आणि हेच कोणी करत नाही. फोनवरच्या वेदर ॲपमधला सूर्य बघून काही कळत नाही, लख्ख ऊन आणि भयानक समुद्र असं एकाच वेळी असू शकतं. नॅशनल वेदर सर्व्हिसच्या साइटवर मॉन्टरे बेचा मरीन फोरकास्ट असतो तो उघडा. त्यात तीन आकडे बघायचे, वारा नॉट्समध्ये (समुद्रावरचं वेगाचं माप), लाटेची उंची फुटात, आणि दोन लाटांमधला वेळ सेकंदात.

शेवटचा आकडा सगळ्यात कामाचा. पाच फुटाच्या लाटा चौदा सेकंदांनी येत असतील तर बोट हळूच वर जाते हळूच खाली येते, झोका घेतल्यासारखं. त्याच पाच फुटाच्या लाटा सहा सेकंदांनी आल्या तर वॉशिंग मशीन. माझा साधा नियम म्हणजे लाट जितके फूट त्याच्या किमान दुप्पट सेकंद हवेत, वारा दहा नॉटच्या आत असेल तर उत्तम, पंधराच्या वर असेल तर आई-बाबांना छोट्या बोटीत नाही. आणि आकडे कितीही छान असले तरी आठ फुटांच्या वरची लाट पहिल्यांदा जाणाऱ्यासाठी नकोच. "स्मॉल क्राफ्ट ॲडव्हायजरी", म्हणजे छोट्या बोटींना सावधगिरीचा इशारा, लिहिलेलं दिसलं तर विषय संपला. खाडीबाहेर एक सरकारी तरंगतं यंत्र आहे, नंबर ४६०४२, त्याचे आत्ताचे आकडे ऑनलाइन दिसतात, ते बरंच लांब खोल समुद्रात आहे त्यामुळे खाडीच्या आत सहसा त्यापेक्षा बरं असतं, पण ट्रेंड कळतो, कालपासून वाढतंय का उतरतंय.

इथे लोक एक वाद घालतात की समुद्र खराब असेल तर कंपनी स्वतःच कॅन्सल करेल ना. करेल, पण धोका असेल तर. कॅप्टन रोज समुद्रावर असतो, त्याच्या दृष्टीने सेफ आणि तुमच्या आईच्या दृष्टीने सुखाचं यात फार मोठं अंतर आहे. तुम्हीच दोन दिवस आधी फोन करून विचारा, सरळ सांगा की सत्तर वर्षांची आई आहे, पहिल्यांदा बोटीत बसतेय, तुमची स्वतःची आई असती तर शनिवारी आणली असती का. चांगले कॅप्टन या प्रश्नाला अगदी खरं उत्तर देतात आणि बरेचदा स्वतःहून दुसरा दिवस सुचवतात.

म्हणून बुकिंग शक्यतो वीकडेचं, एक दिवस सुट्टी टाका. वीकेंडच्या छोट्या बोटी आधीच भरतात आणि मग तारीख बदलता येत नाही. बुकिंग करताना हे विचारून घ्या: तारीख किती तास आधीपर्यंत फुकट बदलता येते, कॅप्टनने कॅन्सल केलं तर पैसे परत का नुसतं क्रेडिट, बोटीवर बाथरूम आहे का आणि त्याला पायऱ्या किती, बसायला पाठ टेकायची जागा आहे का, मुलांच्या मापाचं लाइफ जॅकेट आहे का, आणि लहान मुलाला वयाची अट आहे का, बऱ्याच छोट्या बोटींना असते. "व्हेल नाही दिसला तर पुढची ट्रिप फुकट" अशी गॅरंटी काही कंपन्या देतात, वाचायला भारी वाटतं पण पंधरा दिवसांनी पुण्याला परत जाणाऱ्या माणसाला त्या व्हाउचरचा काय उपयोग.

बोट लागू नये म्हणून

ज्यांना घाटात गाडी लागते त्यांना बोट लागणार हे धरून चाला, ज्यांना लागत नाही त्यांनी "मला काही होत नाही" म्हणू नका, गाडी आणि बोट वेगळी. गोळी मळमळ सुरू व्हायच्या आधी घ्यावी लागते, सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात राहतच नाही.

इथे दुकानात सहज मिळते ती मेक्लिझिन, बोनिनच्या नावाने किंवा ड्रामामिनच्या "लेस ड्रावझी" डबीत, बोटीच्या किमान तासभर आधी घ्यायची, बारा वर्षांच्या वरच्यांसाठी. साधी ड्रामामिन वेगळं औषध आहे आणि ती झोप जास्त आणते, मुलांसाठी तिची वेगळी डबी मिळते. आई-बाबांनी इंडियातून आणलेली ॲव्होमिन प्रत्येकाच्या पर्समध्ये असतेच, ती चालते, पण एकच काहीतरी, ॲव्होमिन पण आणि बोनिन पण असं डबल नाही, दोन्ही झोप आणणारी आहेत, मग व्हेल येईल तेव्हा सगळे घोरत असतील. कानामागे लावायचा पॅच असतो, तो डॉक्टरच्या चिठ्ठीवर, निदान चार तास आधी लावायचा, पण वयस्कर माणसांना त्याने भ्रम झाल्यासारखं होऊ शकतं. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर यातलं कुठलंही औषध डॉक्टरला विचारल्याशिवाय देऊ नका, आणि ही चौकशी आधीच्या आठवड्यात करा, आदल्या रात्री नाही. जमलं तर एखाद्या साध्या दिवशी घरी गोळी घेऊन बघा, किती झोप येते ते कळतं.

खाण्याबद्दल दोन्ही टोकं वाईट. रिकाम्या पोटी गेलात तरी मळमळणार आणि तुडुंब खाऊन गेलात तरी. आदल्या रात्री मिसळ, छोले, तळलेले मासे काही नको, मऊ वरण-भात किंवा खिचडी आणि लवकर झोप. सकाळी टोस्ट, केळं, कमी तेलातले थोडे पोहे. दुधाचा चहा अर्धा कप, बाबांचा चहा अगदी बंद करायला गेलात तर डोकं दुखेल ते वेगळंच. बोटीवर न्यायला खारी, साधी बिस्किटं आणि आलेपाकाच्या वड्या. आलेपाक खरंच कामाला येतो, छोटे तुकडे करून खिशात, दर थोड्या वेळाने एक. डायबेटिसवाल्यांनी आल्याचे मीठ लावून वाळवलेले काप न्यावेत. वासाचं खाणं मात्र डब्यात नको, लसणाची चटणी आणि थेपले घरी कितीही छान लागले तरी हेलकाव्यात शेजारच्याने डबा उघडला की ज्याला होत नव्हतं त्यालाही व्हायला लागतं.

कपडे

सॅन होजेत नव्वद डिग्री फॅरनहाइट असताना मॉन्टरे बेवर तुम्ही कुडकुडणार, हे कोणाला पटत नाही, बाबांना तर नाहीच. पाणी बारमाही गार, पंधरा सेल्सियसच्या आसपास किंवा खालीच, त्यावरून येणारा वारा, त्यात बोटीचा वेग. आतून थर्मल, वर स्वेटर, त्यावर वारा अडवणारं जॅकेट, आणि कानटोपी. हो, ती महाबळेश्वरवाली माकडटोपीच, इथे कोणी हसत नाही, उलट तासाभराने बाकीचे तिच्याकडे आशेने बघतात. पायात रबरी सोलचे बंद बूट, चप्पल सँडल नाही. साडी आणि मोठी ओढणी टाळा, वाऱ्यात उडते, जिन्यात अडकते, ओली झाली की सुकत नाही. चष्म्याला दोरी. कानाचं मशीन असेल तर त्यावरून घट्ट टोपी. सनस्क्रीन धुकं असलं तरी. लहान मुलांचा कपड्यांचा एक पूर्ण जोड गाडीत.

निघायच्या दिवशी

सकाळचीच बोट, दुपारी वारा वाढतो. सॅन होजेहून निघालात तर साधारण तासाभराचा रस्ता, १७ नंबरच्या हायवेने सांताक्रूझवरून गेलात तर वळणं आहेत, ज्यांना गाडी लागते त्यांची बोटीच्या आधीच वाट लागेल, त्यापेक्षा १०१ नंबरच्या हायवेने खाली येऊन कॅस्ट्रोव्हिलच्या बाजूने या. पाऊण तास आधी पोचा. बंदरावरच्या बाथरूमला सगळ्यांनी जाऊन यायचं, "मला नाही आली" चालणार नाही.

एक गोष्ट कुठल्याच वेबसाइटवर लिहिलेली नसते. बोटी तरंगत्या धक्क्याला बांधलेल्या असतात आणि वरून त्या धक्क्यावर उतरायला एक उतरती फळी असते. भरतीला ती जवळजवळ आडवी असते, ओहोटीला चांगलीच उभी उतरते. गुडघे दुखणारे लोक असतील तर त्या दिवसाचं भरती-ओहोटीचं टाइमटेबल बघा, निघायची वेळ आणि परत यायची वेळ दोन्ही, आणि खोल ओहोटी असेल तर आईच्या पुढे एकजण आणि मागे एकजण अशी उतरा. मग धक्क्यावरून बोटीत पाय टाकताना कॅप्टन हात देतो, तेव्हा त्याचा पंजा न धरता मनगट धरा, आणि बोट वर आली की पाय टाका, खाली जात असताना नाही.

वेळ असेल तर बंदरातच बघा, पाणमांजरं पाठीवर तरंगत पोटावर शिंपले फोडत असतात, सी लायन धक्क्यावर पसरून भुंकत असतात. माझ्या सासऱ्यांना व्हेलपेक्षा ते सी लायनच जास्त आवडले, परत येईपर्यंत त्यांच्या भांडणांच्या गोष्टी सांगत होते.

बोटीवर

वयस्कर माणसं मधे-मागे, जिथे बोट कमी हलते. पुढचं टोक फोटोला भारी दिसतं पण तिथे आदळआपट सगळ्यात जास्त. एक हात कायम बोटीला धरलेला. कॅप्टन घड्याळाच्या भाषेत दिशा सांगतो, बोटीचं नाक म्हणजे बारा, उजवा हात तीन, मागचा भाग सहा, हे आई-बाबांना मराठीत आधीच समजावून ठेवा म्हणजे "टू ओक्लॉक" ऐकून ते घड्याळ बघणार नाहीत.

पहिली वीस-पंचवीस मिनिटं नजर क्षितिजावर, फोन खिशात. मळमळतंय असं वाटलं की लगेच सांगायचं, उगाच दाबून बसायचं नाही, मागच्या बाजूला मोकळ्या हवेत जायचं, खाली केबिनमध्ये किंवा बाथरूममध्ये तर अजिबात नाही, तिथे दुप्पट होतं. उलटी होणारच असेल तर वारा ज्या दिशेला जातोय त्या कडेला, कॅप्टनला विचारा तो दाखवतो, लाज वाटायचं काही कारण नाही, त्याने हजारदा बघितलंय.

व्हेल शोधायचा म्हणजे पाण्याकडे नाही, पाण्याच्या वर बघायचं. पक्ष्यांचा थवा एका जागी सूर मारतोय, सी लायनचा घोळका एकाच दिशेने उड्या मारत चाललाय, तिथे मासे आहेत, आणि मासे आहेत तिथे हंपबॅक. मग फवारा दिसतो. हंपबॅकचा झुडपासारखा पसरट, ग्रेचा समोरून बघितला तर बदामाच्या आकाराचा, ब्लूचा सरळ उंच खांब, तीस फुटांपर्यंत. फवाऱ्यानंतर पाठ गोल होऊन शेपूट वर आली तर समजा तो खोल गेला, आता पाच-दहा मिनिटं वाट बघायची. पाण्यावर तेल सांडल्यासारखा गुळगुळीत गोल दिसतो, ती त्याच्या शेपटीच्या झटक्याची खूण. ही वाट बघायची मिनिटं मुलांना फार जड जातात, त्यांना सेकंद मोजायला लावा, पुढच्या वेळी किती वेळाने वर येतो ते तेच सांगायला लागतात.

आणि मग एखाद्या वेळी कॅप्टन इंजिन न्यूट्रलला टाकून गप्प उभा असतो आणि व्हेल त्याच्या मर्जीने जवळ येतो. आधी आवाज येतो, मोठ्या ट्रकचा एअर ब्रेक सुटावा तसा, मग कुजक्या मासळीचा वास असलेली ओली वाफ तुमच्या चष्म्यावर. डोक्यावरच्या मुठीएवढ्या गाठी, त्याला चिकटलेले शिंपले, दोन नाकपुड्या उघडून मिटताना स्पष्ट दिसतात. माझी आई, जी निघाल्यापासून एक शब्द बोलली नव्हती, ती एवढंच म्हणाली, "अगो बाई, केवढं हे." आमच्या आई-बाबांच्या पिढीने देवमासा बघितलाच असेल तर किनाऱ्याला लागलेला, २०२३ च्या नोव्हेंबरात गणपतीपुळ्याला पिल्लू वाहून आलं होतं ते सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं, ते शेवटी वाचलं नाही. जिवंत, पोट भरत असलेला, आपल्याकडे ढुंकून न बघणारा व्हेल हे वेगळंच प्रकरण आहे.

फोटोचं

मोबाइलने फोटो काढायच्या फंदात पडू नका, आडवा धरून व्हिडिओ लावा, झूम करू नका आणि डोळ्याने व्हेलकडे बघा. कॅमेरा असेल तर साधारण १००-४०० ची लेन्स, शटर हजारात एक किंवा त्याहून फास्ट, ट्रायपॉड घरी. लेन्स बोटीवर बदलायची नाही, खारा फवारा आत गेला तर खर्च मोठा. झिपलॉकची पिशवी आणि सुती रुमाल पुरतो. एक फोटो मात्र प्रयत्न करून काढाच, हंपबॅक खोल जाताना शेपटीच्या खालच्या बाजूचा. तिथले काळे-पांढरे पट्टे प्रत्येकाचे वेगळे असतात, हॅपीव्हेल नावाच्या साइटवर फोटो टाकला तर ते कॉम्प्युटरने जुळवून सांगतात हा कोण, आधी कुठे दिसलाय, बरेचदा हिवाळ्यात मेक्सिकोत दिसलेला निघतो. नंतर तो दुसऱ्या कोणाला दिसला तर तुम्हाला ईमेल येतो. बाबांचा ईमेल द्या, पुण्यात बसून त्यांना चांगला टाइमपास आहे.

नियम

१९७२ च्या मरीन मॅमल प्रोटेक्शन ॲक्टप्रमाणे व्हेलला त्रास देणं गुन्हा आहे, आणि शंभर यार्डांच्या (साधारण नव्वद मीटर) आत आपणहून जायचं नाही अशी सूचना आहे. त्यामुळे "अजून जवळ घ्या ना" असं कॅप्टनला म्हणू नका, आणि जो कॅप्टन व्हेलच्या मागे बोट पळवतो किंवा आई आणि पिल्लाच्या मधे घालतो त्याच्याकडे परत जाऊ नका, त्याचे फोटो कितीही भारी असोत. खायला टाकायचं नाही, ड्रोन नाही, नारळ फुलं सोडणं तर नाहीच (विचारलंय एका काकांनी). हे नियम आपल्याही भल्याचे आहेत. २०१५ मध्ये याच मॉस लँडिंगबाहेर एका हंपबॅकने दोन माणसांच्या कयाकवर उडी मारली होती, दोघं वाचले, पण तो व्हिडिओ बघितला की शंभर यार्ड कमीच वाटतात.

परत आल्यावर

कॅप्टन आणि मदतनीस यांना टिप द्यायची पद्धत आहे, तिकिटाच्या पंधरा-वीस टक्के, कॅश असलेली बरी. जमिनीवर उतरल्यावर थोडा वेळ पायाखालची जमीन हलल्यासारखी वाटते, वयस्कर माणसांना लगेच चालायला लावू नका, दहा मिनिटं बसवा, पाणी द्या, मग जेवण. अंगात ताकद असेल तर हायवेच्या पलीकडे एल्कहॉर्न स्लू नावाची दलदलीची खाडी आहे, पक्षी आणि पाणमांजरं शांतपणे बघता येतात, पण बहुतेक मंडळी गाडीत बसल्या बसल्या झोपतात.

आणि गाडी कोण चालवणार हे सकाळीच ठरवा. ज्याने मेक्लिझिन किंवा ॲव्होमिन घेतलीय त्याने परतीचा ड्राइव्ह करायचा नाही, बोटीवर झोप नाही आली तरी दुपारी १५६ नंबरच्या हायवेच्या ट्रॅफिकमध्ये हमखास येते. दोघं ड्रायव्हर असतील तर ज्याला बोट कमी लागते तो गोळीशिवाय. दोघांनाही गोळी लागणारच असेल तर आदल्या रात्री तिथेच आसपास मुक्काम करा आणि बोटीच्या दिवशी पण राहा, दुसऱ्या दिवशी सकाळी निघा.